आज काही नाही, गुंडी

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. समजा, तुम्ही एक कुत्री आहात. हसू नका, समजा म्हटलं ना! तुमचे कान लांब आणि मऊ, आणि डाव्या कानाच्या आत एक आकडा गोंदलेला. वय चार वर्षं. या चार वर्षांत तुम्ही गवत पाहिलेलं नाही, जिना पाहिलेला नाही. माणसांची औषधं आधी कुत्र्यांवर करून बघतात, आणि तेवढ्यासाठीच तुम्हाला जन्माला घातलेलं. एक पिंजरा, त्याला एक दार, आणि दार उघडलं की समोर पांढरा कोट. मग एके दिवशी दार उघडतं आणि कोटवाला म्हणतो, जा. कुठे जाल?

आपल्या गोष्टीतली कुत्री कुठेच गेली नाही. तिला उचलून आणावं लागलं.

आणणाऱ्यांची एक लहानशी संस्था होती. तिथली एक मुलगी या कुत्र्यांसाठी घरं शोधायची आणि मिळालेलं घर डोळ्यांत तेल घालून तपासायची. म्हणून सगळे तिला तपासणीबाई म्हणत. वय अवघं सव्वीस, पण पर्समध्ये कंगव्याऐवजी मोजपट्टी.

त्या रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये बारा कुत्री लोकांना दाखवायला आणली होती. बाहेर पावसाची सर कोसळत होती. अकरा कुत्र्यांना घरं मिळाली. उरलेल्या बाराव्या, म्हणजे आपल्या कुत्रीच्या डोक्याच्या वर तपासणीबाईने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, कोपऱ्यात फूल काढून – ‘ही शेकहँड करते!’

पावसाने हॉलमध्ये ढकलावेत तसे दोघे जण आत आले. ओल्या केसांचा एक तरुण, आणि त्याचं बोट धरलेली सातेक वर्षांची भाची.

“मामा, शेकहँड! बघ ना!”

तो कुत्रीसमोर उकिडवा बसला. तिने लगेच पुढचा पाय उचलून समोर धरला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळलं. त्याने पंजा हातात घेतला नाही. उलट्या हाताने, फुलाला लागू नये इतक्या हळू, तो पाय खाली टेकवला.

“आज काही नाही गं,” तो पुटपुटला. “काही नाही.”

तपासणीबाईला ते झोंबलं. “घ्या की हातात! चावत नाही ती. तिला आवडतं शेकहँड.”

“हे शेकहँड नाहीये हो...” तो अडखळला. “पंजा कुठे देतेय ती? पाय ताठ केलाय, वरची बाजू पुढे केलीय, आणि मान वळवलीय. ती शीर देतेय. सुईसाठी.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. रोज तीस माणसं माझ्यासमोर असाच हात धरतात. आणि अशीच मान वळवतात.”

तपासणीबाईने पाटीकडे पाहिलं. तीन महिने! तीन महिने ती तो पाय हातात घेऊन हसत होती, वर बिस्किट देत होती. तिचे कान तापले. तिने पाटी काढली आणि चुरगळून मुठीत धरली.

“तुम्हाला कसं कळणार होतं?” तो हळूच म्हणाला. त्या वाक्याने तिला रडू येईल की काय असं झालं... की दुसरंच काही झालं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भाचीला उसंत नव्हती. “ही आम्हाला मिळेल? ही काय खाते? कान धुवायचे का? हिला भुंकता येतं? तू रोज हिच्याजवळ झोपतेस? तुझं लग्न झालंय?”

“हिला आम्ही घरी चौकशी म्हणतो,” तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत म्हणाला.

“आणि मला तपासणी.”

“मग माझी काही धडगत नाही!”

दोघंही हसले. मग तो गंभीर झाला. “पण आमच्याकडे नको. माझ्या हाताला स्पिरिटचा वास आहे. बघा, कशी थरथरतेय. हिला दुसरं कुठलंही घर चालेल, माझं सोडून.”

“इतक्या दिवसांत तिचं म्हणणं एकट्या तुम्हाला कळलंय,” तपासणीबाई म्हणाली. “दोन आठवडे ठेवून बघा. नाही रमली, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.”

दुसऱ्या मजल्यावरचं घर. त्याची मोठी बहीण, चौकशी आणि तो. बहीण दिवसभर कामावर. चौकशीने कुत्रीचं काळंभोर गोल नाक पाहिलं आणि नाव ठेवून टाकलं – गुंडी.

नियमाप्रमाणे दोन आठवड्यांत दोन भेटी पुरत. तपासणीबाईने पाच केल्या.

“आज काय मोजणार?” दार उघडत तो विचारी.

“गॅलरीचे गज.”

“परवा मोजलेत ना?”

“हो, पण... वाढले असतील.”

“पावसात वाढतात खरे,” तो चेहरा सरळ ठेवून म्हणे, आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला पुढे होई.

एकदा चौकशीने मध्येच विचारलं, “मी तुला मावशी म्हणू?”

“म्हण की.”

चौकशीने विचार केला. “पण मावशी मला एक आहे. मामी एकही नाही.”

मामाला पाणी पिताना असा ठसका लागला की तपासणीबाईलाच त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. ठसका थांबला, तरी तिचा हात क्षणभर तिथेच राहिला.

गुंडी चौकशीच्या पायाशी झोपू लागली होती. जिना उतरू लागली होती. वाटीतलं पाणी न बिचकता पिऊ लागली होती. अडचण एकच होती. तो कामावरून यायचा, साबणाने हात लाल होईपर्यंत धुवायचा, अंघोळ करून कपडे बदलायचा. तरी गुंडी टेबलाखालून निघे, थरथरत त्याच्यासमोर बसे आणि पाय पुढे करी. आणि रोज तो तो पाय खाली टेकवी. “आज काही नाही, गुंडी.”

चौथ्या भेटीत तपासणीबाईने हे डोळ्यांनी पाहिलं. तो जमिनीवर बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. जणू त्याचेच हात त्याचे गुन्हेगार होते.

चौदाव्या दिवशी ती आली, तेव्हा दारात गुंडीचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. वर तिची वाटी.

“घेऊन जा तिला,” तो म्हणाला. चौकशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“अहो, पण ती रमलीय...”

“यांच्यात रमलीय. मी दारात पाऊल टाकलं, की तिचा पिंजरा परत सुरू होतो. मला तिचा लळा लागला म्हणून तिने रोज भ्यायचं का?”

“आणि मग मी... मी इकडे कशाला यायचं?” तपासणीबाईच्या तोंडून निघून गेलं. “म्हणजे... भेटी संपल्या, असं म्हणायचं होतं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. खाली बसून त्याने गुंडीचा अंगपट्टा उचलला. त्यात आधी पुढचा पाय घालावा लागतो, म्हणून त्याचा हात तिच्या पायाकडे गेला.

गुंडीने त्या हाताकडे पाहिलं. पाय सवयीने अर्धा वर आला... थांबला... आणि तिने तो झटक्यात पोटाखाली ओढून घेतला.

“भुक्!”

आयुष्यातलं पहिलं भुंकणं! ती स्वतःच दचकली आणि कोण भुंकलं ते मागे वळून बघू लागली.

“मामावर रागावली!” चौकशी किंचाळली.

त्याचा चेहरा उतरला. “पाहिलंत? आता तर...”

पण तपासणीबाई फरशीवर बसली होती. ती हसतही होती आणि ओढणीने डोळेही पुसत होती. “अहो, ती नाही म्हणाली! कळतंय का तुम्हाला? भ्यायलेली कुत्री पाय पुढे करते. नाही म्हणायला, समोरचा माणूस आपलं ऐकेल असं वाटावं लागतं!”

तो बघतच राहिला. मग त्याने पट्टा बाजूला ठेवला. “बरं बाई,” तो म्हणाला. “नाही तर नाही.”

गुंडीने त्याची बाही हुंगली. मग चारही पाय अंगाखाली घेऊन ती त्याच्या गुडघ्याला टेकून बसली, सगळा भार टाकून.



“मलाही एक विचारायचंय,” तो म्हणाला. “पण... आधी तुम्ही गुंडी आम्हाला दिल्याच्या कागदावर सही करा.”

“का?”

“माझ्या प्रश्नाशी कुत्रीचा संबंध नको. तुम्हाला मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे.”

तिने कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून सही केली. “झाली. गुंडी तुमची. विचारा.”

“गज मोजायचे नसले तरी... येत जाल? आणि... कधीतरी आलात की परत जाऊच नये, असंही मनात आहे. पण ते सावकाश.”

तपासणीबाईने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“मला नाही म्हणता येतं,” ती म्हणाली. “चांगलं येतं. या महिन्यात सात घरांना म्हटलंय.” मग तिने मान वर केली. “तुम्हाला... नाही म्हणायचं नाहीये.”

चौकशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिने काहीही विचारलं नाही. तिने गुंडीच्या गळ्यात दोरी अडकवली, तिला घेऊन जिन्यात गेली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

“मी शंभर म्हणेपर्यंत आत येणार नाही!” ती दाराआडून ओरडली. “एक... दोन... तीन...”

अठ्ठावीसपर्यंत गाडी झकास गेली. अठ्ठावीसच्या पुढे काय येतं, ते काही केल्या आठवेना. मग चौकशीने मोठा श्वास घेतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.