पहिल्या हाकेला ओ

उद्याच्या ट्रेनिंगला दांडी मारायचा बेत चाललाय ना तुमचा? खुशाल मारा. पण आधी कैलासची गोष्ट ऐका, आणि शेकोटीत एक लाकूड सरकवा.

कैलास म्हणजे आपल्या झुंबरबाईचा थोरला, पवनेच्या धरणात जाळी टाकणारा. गेल्या भोगीची रात्र. त्या दिवशी गावात मच्छीमारांचं सुरक्षेचं ट्रेनिंग झालं होतं. शिकवायला आलेल्या अनघा मॅडमची तरंगती रिंग दोरासकट काठावरच राहिली, ती आणायला कैलास जेवण उरकून निघाला. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडी. एवढंच काम होतं.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. मॅडमनी दुपारी सांगितलं होतं की बुडणाऱ्याला एकदाच ओरडण्याइतका दम असतो, दुसऱ्या हाकेची वाट बघू नका. स्वतः पाण्यात शिरू नका, रिंग फेका. हे ऐकलं आणि कैलास उठून बाहेर गेला. लोकांना वाटलं, तंबाखूची तलफ आली. गडी जांभळीखाली बसून पोरासारखा रडत होता.

त्याचं कारण त्या भोगीच्या आधीच्या दिवाळीनंतरचं. धाकटा भाऊ संदेश रात्री टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून आत जाळं लावायला गेलेला, कैलास काठावर. पाण्यावरून हाक आली, "दादा." एकच. आता आपल्याकडं लहानपणापासून काय शिकवतात? रात्री एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा बोलावेल, एकदाच बोलावतं ते दुसरंच काहीतरी. झुंबरबाईनं दोन्ही लेकरांना हे भाकरीबरोबर भरवलेलं. कैलास गप्प बसला, दुसऱ्या हाकेची वाट बघत. ती आलीच नाही. सकाळी ट्यूब सापडली. संदेश दुपारी सापडला, पाय जाळ्यात गुरफटलेले. झुंबरबाईनं थोरल्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं कैलास मला म्हणाला होता.

तर भोगीची रात्र. काठावर रिंग दिसली. कैलास उचलायला वाकला.

"दादा."

...

एकच हाक. मग सगळं सामसूम. पाण्यावर धुकं, बॅटरीचा उजेड चार हातांवर संपलेला. संदेशला त्यानं स्वतःच्या हातानं अग्नी दिला होता. कळत होतं सगळं. तरी...

"ओ," कैलास म्हणाला. "आलो रं, बाळा."

रिंग फेकली. पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग दोर ताठ झाला.

कैलास ओढू लागला. जड. माणसाएवढं जड. पण काठाकडं येईना. कैलासच पुढं सरकायला लागला. घोटे बुडाले. गुडघे बुडाले. मॅडमचं सांगणं आठवत होतं, पण हात सुटेनात.

"या खेपेला न्हाई सोडत तुला."

कंबर. छाती...

आणि दोर सैल पडला. तुटला नाही. पलीकडून सोडला.

कैलासनं मग किती हाका मारल्या. एकीलाही ओ आली नाही.

घरी आला तेव्हा झुंबरबाई दारात जागीच. म्हणाला, "आये, संदेश आलता. म्या ओ दिली त्याला."

तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"दिलीस न्हवं?" म्हणाली. "मंग झालं."

तेव्हापासून कैलास कुणाच्याही पहिल्या हाकेला ओ देतो. झोपेतसुद्धा.

रिंग मॅडमनी इथंच माझ्याकडं ठेवली, उद्या तीच असेल. त्या रात्री कैलासनं ती ओढून घरी आणली तेव्हा चिंब भिजलेली होती, फक्त दोन बाजूंना दोन पंजांएवढी जागा कोरडी, माणूस जिथं धरतो तिथं. उद्या पाण्यात बुडवून बघा. मी पावसाळाभर बाहेर टांगून ठेवली होती. सगळी भिजते. ते दोन पंजे भिजत नाहीत.