रेषेवर बसलेले आकडे

"हे उरलेलं पाणी कुठं सोडता?"

संघपालनं मान वर केली. मोहोळच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत असलेल्या गावात बोअरचं खारं पाणी शुद्ध करून देणारं छोटं केंद्र तो चालवायचा. समोर स्कूटी लावून एक मुलगी उभी होती, ओढणीनं तोंड झाकलेली. पाणी प्यायला थांबली होती. पण ग्लास हातात तसाच, आणि डोळे मागच्या पाइपवर.

"आजवर समदे गोड पाणीच मागत आले," तो म्हणाला. "खाऱ्याची चौकशी करणाऱ्या तुमीच पहिल्या."

ओढणी खाली आली. ती हसत होती.

बुद्धप्रिया जुळे सोलापूरला राहायची, पीएच.डी. करत होती. खारं पाणी जोरानं एका बारीक पडद्यावर ढकललं की पाणी पार होतं, क्षार अलीकडेच राहतात. ते पडद्यालगत साचत गेले की पाणी हळूहळू कमी येऊ लागतं. किती कमी, आणि कधी, हे ती समीकरणांनी आधीच सांगू पाहत होती. पण कागदावरचं उत्तर खऱ्या पाण्याशी जुळतं का, हे बघायला तिला असं केंद्र हवंच होतं.

"म्हंजे पाणी यायच्या आदीच तुमाला म्हाईत, किती येणार?"

"असं मला वाटतंय… बघू."

"ज्योतिषीबाई हायसा की."

"ज्योतिषाला कुणी पडताळून बघत नाही. मला रोज बघावं लागेल."

"रोज या मग," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून नळ उगाच उघडून बंद करू लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला तिनं केंद्राच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं एक उतरती रेष काढली. पाणी असं कमी होत जाईल. पण पहिल्याच दिवशी मीटरनं जास्त पाणी दाखवलं. तिचा चेहरा उतरला.

"जुळत नाहीय. असंच राहिलं तर सर म्हणतील, दुसरं केंद्र बघ."

दुसऱ्या दिवसापासून मात्र जुळू लागलं. आठवड्यातून एकदा ती यायची, तेव्हाही आकडा तोच वाचून सांगायचा आणि ती वहीत लिहायची. एरवी संध्याकाळी त्याचा फोन. आकडा सांगून व्हायचा, आणि तरी फोन ठेवला जात नसे. तिकडे मोटरीची घरघर, इकडे कुकरची शिट्टी…

"जेवलात?"

"अजून नाही. तुम्ही?"

"तुमी जेवल्यावर."

मेअखेरीस गाईड सरांनी तिचा आलेख बघितला आणि चक्क खुर्चीतून उठले. सगळे ठिपके रेषेवर. प्रबंधाचं हे प्रकरण आता पाठवूनच दे, म्हणाले.

पाठवण्याआधी तिनं गणित शेवटचं तपासलं आणि ती एका आकड्यावर थबकली. पाण्याचं तापमान तिनं पुस्तकातलं घेतलं होतं, पंचवीस अंश. सोलापूरच्या उन्हात, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पंचवीस अंश? गरम पाणी पडद्यातून जास्त वेगानं जातं. तिनं तापमान बदललं. रेष वर सरकली. ठिपके खालीच राहिले, जुन्या रेषेवर, ओळीनं.

रेष चुकीची होती. मग खऱ्या पाण्याचे आकडे तिच्यावर बसले कसे?

ती किती तरी वेळ लॅपटॉपवरच्या आलेखाकडे बघत राहिली. मग तिनं स्कूटीची किल्ली उचलली.

संघपाल दारातच होता. तिला बघून हसला, आणि तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

"मीटर बघून सांगत होतात?"

त्यानं भिंतीवरच्या रेषेकडे बघितलं. बास, तेवढंच.

"एकदाही नाही?"

"पहिल्या दिवशी बघितलं हुतं. तुमी म्हणाला, दुसरं केंद्र बघावं लागंल…" त्यानं रेषेकडे बोट केलं. "मग रेघेवरनंच सांगत गेलो."

"तुम्ही खरं सांगितलं असतं ना, तर माझी चूक मला एप्रिलातच सापडली असती. उद्या सरांना सांगायचंय मला, सगळे आकडे खोटे आहेत. सगळा उन्हाळा गेला माझा."

त्याची नजर मीटरवर गेली.

"आणि ते… 'तुमी जेवल्यावर'? तेही मला काय आवडेल ते बघूनच?"

आता तो हादरला. हा प्रश्न त्याच्या मनातही आला नव्हता. "न्हाय वो."

"कसं मानू? मला आवडणार नाही असं एक तरी सांगा."

"तुमचं गणित मला निम्मं बी कळत न्हाय. नुसतं व्हय व्हय करतो."

"आणखी?"

"तुमी गाडी लई वाईट चालवता. घरला पोचस्तोवर जीव टांगणीला असतो."

तिला हसू येणार होतं. तिनं ते दाबलं. "आणखी?"

"आता म्हणणार हुतो, तुमी उद्यापास्नं आला न्हाईत तरी चालंल. तुमाला मोकळं वाटावं म्हणून…" त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "पण ते खोटं हाय. न्हाय चालणार मला."

बाहेर उन्हात एक ट्रॅक्टर गेला. ती तशीच उभी. राग गेला नव्हता. पण जायला निघालेली पावलं हलत नव्हती.

मग तिनं कोपऱ्यातला रिकामा जार उचलला आणि गोड पाण्याच्या पाइपखाली ठेवला.

"मीटर नको. भरेपर्यंत सेकंद मोजा. मोठ्यानं. आणि माझ्या तोंडाकडं बघायचं नाही."

त्यानं नळ सोडला. "एक… दोन…" पाण्याची बारीक धार तळाशी वाजू लागली. कपाळावरची बट मागे सारत ती वाकून धार निरखत होती. आकडे चालले होते, मग अडखळले.

"चुकलं," तो लगेच म्हणाला. "तुमच्याकडं बघितलं."

तिनं नळ बंद केला, जार ओतून रिकामा केला, पुन्हा पाइपखाली ठेवला.

"परत मोज," ती म्हणाली.