सर्व्हरमधलं नारळपाणी

दसऱ्याची सुट्टी संपवून पूजाने वजनकाट्याची खोली उघडली, तर उसाचं वजन नोंदवणारा सर्व्हर बंद. बटण दाबलं की घरघरायचा आणि मध्येच मान टाकायचा. हंगाम तोंडावर आलेला. कडेगावजवळच्या त्या साखर कारखान्यात एकच बोंब उठली.

संगणक विभागाचे प्रमुख उदयसिंह यांनी सगळ्यांदेखत झाकण काढलं. आत चिकट पाणी, आणि वास थेट नारळाचा. झालं! खंडेनवमीला काट्याची पूजा करतं कोण? वॉचमन नाथाजी. दरवर्षी सर्व्हरसमोरच तर नारळ फोडतो. पलटणीतून निवृत्त झालेला हा म्हातारा स्वतःच्या बचावाला एक शब्द बोलेना. कार्यकारी संचालक नानासोंनी त्याच्याकडे राजीनामा मागितला आणि सांगलीहून संगणक दुरुस्त करणाऱ्या तहरीम मुल्लाला बोलावलं.

तहरीम भलती फटकळ. बिघडलेल्या मशीनशी गोड बोलेल, माणसांशी नाही. तिने पाणी टिपलं, भाग वाळवले, सर्व्हरच्या मागच्या पोर्टला आपला लॅपटॉप जोडला आणि टर्मिनल उघडून हार्डवेअरची तपासणी सुरू केली. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. वीजपुरवठा ठीक. मदरबोर्ड ठीक. डिस्क ठीक. मेमरी मात्र हवी त्यापेक्षा कमी.

मेमरीच्या चारही पट्ट्या जागेवर होत्या. पण त्यातल्या दोन जुन्या, कमी क्षमतेच्या निघाल्या.

"पाण्यानं पट्टी जळेल," तहरीम म्हणाली, "पण मोठीची लहान कशी होईल? कुणीतरी पट्ट्या बदलल्यात, आणि ते झाकायला वरून पाणी ओतलंय."

खोलीच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. नाथाजी, काट्यावरची ऑपरेटर पूजा आणि उदयसिंह. नानासोंनी पुन्हा नाथाजीलाच धरलं. आता राजीनामा नाही, सरळ पोलीस, म्हणाले. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पलटणीत कमावलेलं नाव मातीत जाणार होतं.

"नाथाजी, यंदा नारळ कुठं फोडला?" तहरीमने विचारलं.

"फोडला की."

"कुठं, ते विचारते."

त्याची नजर क्षणभर पूजाकडे गेली आणि खाली वळली.

तहरीम बाहेर जाऊन काटा बघून आली. लोखंडी कडेला कुंकू होतं, फटीत करवंटीचा तुकडा अडकलेला.

"यंदा नारळ बाहेर फुटलाय. का?"

"माझी मर्जी."

"माझ्यामुळं," पूजा म्हणाली. "मला चौथा महिना हाय. गरोदर बाईपुढं नारळ फोडत न्हाईत, म्हणून काकांनी बाहेर नेला. पूजेला आमी दोघंच होतो. कुणाला सांगू नका म्हणून मीच त्यांच्या पाया पडले."

मागच्या साली अशाच एका गरोदर ऑपरेटरचा करार वाढवला नव्हता. पूजाचा करार याच महिन्यात संपत होता.

"मला यात ओढू नका," उदयसिंह घाईने म्हणाले. "खंडेनवमीला मी महाबळेश्वरात होतो."

"म्हणूनच," तहरीम म्हणाली. "नारळ आत आलाच नाही, हे या दोघांना ठाऊक होतं. त्यांच्यातल्या कुणी चोरी केली असती, तर नारळपाणी सुचलं तरी असतं का? नारळ दरवर्षीसारखा आतच फुटला, असं धरून चालणारा किल्लीवाला एकच. जो पूजेला नव्हता. दसऱ्याला इथं सामसूम असताना तुम्ही परत येऊन पट्ट्या काढल्यात आणि नाथाजीच्या नावावर बिल फाडलंत."

उदयसिंहांना कबूल करावंच लागलं. पट्ट्या त्यांच्या मुलाच्या गेमच्या मशीनमध्ये होत्या. पोराने सणाला हट्ट धरला म्हणे. आणि त्या हट्टापायी एका म्हाताऱ्याला चोर ठरवायला निघाले होते, लाज कशी वाटली नाही!

नानासोंनी नाथाजीपुढे हात जोडले. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पूजावर चिडला होता.

"कशाला बोललीस, पोरी? मला पेन्शन हाय. तुझं काम गेलं असतं म्हंजे?"

"आन् तुमाला चोर म्हणून नेलं असतं म्हंजे?" म्हणत पूजा रडायला लागली.

नानासो पूजाकडे वळले. मग म्हणाले, "पूजाताई, रजा कवापासून पाहिजे ते सांगा. जागा तुमचीच राहील."