उलटा ठसा

लिनोच्या रबरी तुकड्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. हे ती वर्गात रोज घसा फोडून सांगायची. आणि दादाच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं कव्हर करताना स्वतःच विसरली.

चित्रात चौघे. चौघांच्या गळ्यात गिटार, ड्रमवाल्याच्यासुद्धा, आणि डोक्यावर कागदी पिशव्या. "आपण चेहरे विकत नाही," असं दादाचं म्हणणं. पोस्टरवर मात्र त्याचाच चेहरा, दाराएवढा. चित्राच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, कोरस गाणारी धाकटी बहीण.

पहिला छाप उचलला तर चौघेही डावरे! दादा पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताने दात घासले आणि गिटारच्या तारा उलट्या लावून त्या उजव्या हाताने दाबायला लागला. तिचीही कोरणी आपोआप डाव्या हातात आली.

"आई, आम्ही डावरे कधीपासून गं?"

"जन्मापासून! चमचा धरायला शिकवताना जीव गेला माझा."

दादाला यात काही वावगं दिसेना. त्याला वेगळंच खुपत होतं.

"हे बघ चिमणे, कव्हरवर तिघेच बरे दिसतील. कोरस काय, कुणीही गातं. काढ स्वतःला."

"सहा वर्षं गातेय मी."

"म्हणूनच म्हणतो, दमली असशील."

"मी नाही काढणार."

"मग मी काढतो. खरवडायचंच तर आहे!"

छापात ती उजव्या टोकाला होती, म्हणून त्याने लिनोचं उजवं टोक धरलं. शाईने काळ्या पडलेल्या लिनोवर चारही पिशव्या सारख्याच. पण लिनोवर ते टोक दादाचं होतं.

तिला ते दिसलं. तोंड उघडलंही तिने. मग "कुणीही गातं" आठवलं, आणि मिटलं.

टोक साफ खरवडून "छाप आता," म्हणत तो हात धुवायला गेला. नळाशी गुणगुणत होता.

तिने शाई फिरवली. कागद ठेवला, दाबला.

कोपऱ्यातून उचलला.

गुणगुणणं अर्ध्या शब्दावर थांबलं. नळ वाहतच राहिला.

आईने येऊन तो बंद केला. "पाणी काय फुकट येतं? आणि ही गिटार उचल वाटेतून."

"माझी नाहीये ती."

"मग कुणाची? दुसरं कोण आहे घरात डावरं?"

मला वाजवता येत नाही, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे पडले होते. जुने, पिवळट.