शिकारीचं ताट

तो दिवा राहू द्या, सांगते. मला त्या दिवशी भीती फार उशिरा वाटली. त्याआधी नुसता वैताग आला होता, आणि तोही नवऱ्याचा.

मी संग्रहालयांसाठी जुन्या वस्तूंची रेखाचित्रं काढते. सदर भागात राहणाऱ्या केयूर नावाच्या एका हौशी संग्राहकानं त्याच्या संग्रहातलं एक चांदीचं ताट रेखाटायला माझ्याकडे दिलं होतं. इराणच्या ससानी राजांच्या काळातलं. घोड्यावर राजा, ताणलेल्या धनुष्याला तीर, पुढे पळणारं रानडुक्कर आणि तेच डुक्कर पुन्हा खुरांखाली मेलेलं. ते कारागीर शिकार अशीच दोनदा दाखवायचे. राजा ओळखायचा मुकुटावरून, कारण प्रत्येकाचा मुकुट वेगळा. या मुकुटाचा राजा मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडेना.

मे महिन्याची दुपार. खिडक्या बंद, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, खोलीत अंधारच. संध्याकाळी केयूर ताट न्यायला येणार होता. मी हात धुऊन आले, तर कृष्णकांतांनी, म्हणजे आमच्या यांनी, ताटात मूठभर साखर ओतलेली!

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही? राजाच्या तोंडावर साखर?"

"लोकाचं भांडं रिकामं वापस करते का कोणी? आपल्यात आहे का तशी पद्धत?"

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? मी ब्रश आणायला गेले. परत आले तर साखर नव्हती. तिथे काही राठ केस पडले होते. ओले, कोमट. रानटी जनावराचा उग्र वास येत होता... आणि ताटातली दोन्ही डुकरं गेलेली. त्या जागी चांदी गुळगुळीत.

मी ब्रशनं ते केस बाजूला सारून पुन्हा पाहिलं. हे मात्र खूश.

"पाह्य वं, त्यानंही रिकामं नाही ठेवलं! मोठ्या घरचा माणूस आहे. आता आपली पाळी."

"हात नका लावू त्याले... मी केयूरले आत्ताच बोलावून राहिली."

गॅलरीतून फोन करून आत आले, तर हे आरामखुर्चीत झोपलेले आणि ताटात दातांचे व्रण असलेली अर्धी संत्राबर्फी. एवढा मधुमेह, तरी चोरून खाणं सुटत नाही! माझी चाहूल लागली म्हणून उरलेली राजापुढे ठेवली असणार. स्वतःचं उष्टं! चांगलं फैलावर घ्यावं म्हणून यांच्याकडे वळले, पण झोप एवढी गाढ की राग गिळून पुन्हा ताटाकडे आले.

बर्फी नव्हती.

घोड्यापुढे आता माणूस पळत होता. बनियन, लुंगी, सुटलेलं पोट, मान वळवून मागे बघणारा. खुरांखालची जागा अजून मोकळी होती.

"अहो... उठा... अहो, उठा ना!" मी किंचाळलेच.

यांनी कसेबसे डोळे उघडले. अंग घामानं निथळत होतं, धाप लागली होती. अनवाणी तळव्यांत गोखरूचे काटे रुतले होते, आणि हे सकाळपासून घराबाहेर पडले नव्हते.

"काहून हाक मारली वं..." हे कुजबुजले. "झुडपामागं लपलो होतो मी. त्याले दिसलो नव्हतो... तुह्या आवाजानं त्यानं घोडा वळवला."

मी ताटाकडे पाहिलं. धनुष्याची दोरी सैल पडली होती. तीर ताटात कुठेच नव्हता.