सूचना क्रमांक शंभर

यिप त्या खुर्चीवर बसला तर त्याला तीन गोष्टी मिळणार होत्या: आमच्या कचेरीत कायमची जागा, जागेबरोबर नदीकाठचं दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात राहायला सिउक्वानहून येणारी त्याची आई. जाणार होती फक्त शनिवारची एक सकाळ. हा हिशोब मीच त्याला मांडून दिला होता. माणसाला त्याचा फायदा समजावून देण्यात माझा हात धरणारं कचेरीत कोणी नाही.

ग्वांगचौला येणाऱ्या प्रवाशांसाठी आम्ही दरवर्षी शंभर सूचनांचं पुस्तक काढतो. मार्चात येऊ नका, भिंतींना घाम फुटतो. चहाघरात पहिला चहा पिऊ नका, त्यानं वाट्या धुवा. गरम पाणी हवं असेल तर ओरडू नका, किटलीचं झाकण तिरकं ठेवा. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर वाजवा, तेच आभार. भाजीवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे तुम्हाला ‘देखणे’ म्हणून हाक मारतील, हुरळून जाऊ नका. या सूचना तपासायचं काम वीस वर्षं माझ्याकडे आहे. स्वतः करून पाहिल्याशिवाय मी एकही ओळ छापू देत नाही.

त्या वर्षी नव्व्याण्णव झाल्या होत्या. उमेदवारीवर असलेल्या यिपला थोंगसाहेब म्हणाले होते, “दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही अशी एक आण. सोमवारी सही करतो.”

यिपनं आणली. शहरातल्या लिवान भागात, कालव्याकाठच्या चहाघरात, वरच्या मजल्यावर, खिडकीशी दोन खुर्च्यांचं एक टेबल आहे. भिंतीकडच्या खुर्चीबद्दल ‘इथं कोणी आहे का?’ असं विचारलं की वाढणारी खामकाकू ‘आहे’ म्हणते. यिप दीड तास उभा राहिला होता. कोणी आलं नाही.

“सूचना साधी आहे, सिनताई,” तो म्हणाला. “जागा अडवून ठेवतात, विचारत बसू नका, सरळ बसा.”

“मग बसून दाखव. मी येते समोर.”

“चहा तुमच्याकडून?”

“कायम झालास की तुझ्याकडून.”

शनिवारी साडेसातला आम्ही जिना चढलो तेव्हा कठड्याचं लाकूड हाताला चिकटत होतं. छताला थेंब लटकले होते, फरशी ओली चकचकीत. म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रं उघडली होती आणि तीही दमट होऊन मान टाकत होती. खामकाकू मागं पाणी आणायला गेली होती. मी खिडकीकडच्या खुर्चीवर बसले. ती ओली होती, रुमालानं पुसावी लागली. यिपनं भिंतीकडच्या खुर्चीवर हात ठेवला आणि उचलला.

“कोरडी आहे,” तो म्हणाला. “आणि गरम.”

“आत्ताच कोणी उठलं असेल.”

तो बसला. त्याच वेळी माझ्या कोपराला काहीतरी घासून गेल्यासारखं वाटलं, गर्दीत कोणी अंग चोरून जावं तसं. मी खाली पाहिलं. ओल्या फरशीवर कोरडी पावलं उमटली होती. खुर्चीखालून निघून जिन्याकडे गेलेली. माझ्या डोळ्यांदेखत ती पुन्हा ओली झाली.

मी यिपला काही बोलले नाही. सही सोमवारी होती.

खामकाकूनं कोळंबीच्या मोदकांची टोपली ठेवली, माझा पेला भरला आणि वळली.

“काकू, मला?” यिप हसत म्हणाला. “देखण्या माणसाला विसरलात?”

ती थांबली नाही. त्यानं झाकण तिरकं केलं. दोन बोटं वाजवली. मग चार.

एक जाडे गृहस्थ पिंजऱ्यातला पक्षी घेऊन आले. यिपच्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “इथं कोणी आहे का?”

खामकाकूनं खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ.

“नाही,” ती म्हणाली. “बसा.”

“अहो काका!” यिप ओरडला. “अहो, मी आहे!”

गृहस्थ पाठमोरे होऊन बसायला वाकले. यिपनं दोन्ही हात पुढं केले.

“आहे!” मी म्हणाले. “इथं माणूस आहे.”

ते सरळ झाले, माफी मागितली आणि यिपच्या कानामागच्या भिंतीकडे पाहून मान लववून गेले.

खामकाकू माझ्याजवळ आली. “एकदा म्हटलंस ना, आता रोज म्हणावं लागेल.”

“तुम्ही कोणासाठी म्हणत होतात?”

“कोणीतरी होतं माझं. चाळीस वर्षं म्हणत आले.” तिनं अ‍ॅप्रन सोडला. “नाव गेलं डोक्यातून.”

दुपारी ती फोशानला, मुलीकडे निघून गेली.

सोमवारी थोंगसाहेब सहीचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. यिप त्यांच्यासमोर उभा. “हा मुलगा आला नाही वाटतं?”

“हा काय, उभा आहे,” मी म्हणाले.

“हो, हो,” ते म्हणाले आणि पेन उघडलं. मग कागदाकडे पाहत राहिले. “कोणाचं नाव लिहायचं होतं?”

यिपनं सांगितलं. मीही सांगितलं. ते लिहायला वाकले आणि पुन्हा तेच विचारलं.

मी सिउक्वानला फोन लावला. यिप कान लावून ऐकत होता.

“चुकीचा नंबर लागला असेल, बाई,” त्याची आई म्हणाली. “आम्हाला मूल नाही.”

त्यानंतर तो कचेरीत आला नाही. चहाघरातल्या त्या खुर्चीवरच असतो; तिथं निदान कोणी त्याच्या अंगावर बसत नाही.

मी रोज सात ते दहा समोर बसते. विचारलं की ‘आहे’ म्हणते. पावसात गेले, तापात गेले. अलीकडे त्याचा आवाज मला ऐकू येत नाही. बोटांची टकटक येते.

यिपनं आई दिली. खामकाकूनं चाळीस वर्षं दिली. मी रोजची सकाळ देते. थोंगसाहेबांना पुस्तक मिळालं, सूचना क्रमांक शंभरसकट: खिडकीच्या टेबलाशी ‘आहे’ असं ऐकलंत, तर पुढं जा. एक खुर्ची भरलेली असते.

काल एका वाचकाचं तक्रारीचं पत्र आलं. ‘आहे’ असं बाईच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं, पण टेबलाशी कोणीच नव्हतं.

मी पत्र दोनदा वाचलं, आणि पुढच्या आवृत्तीसाठी ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं.