बाईंची बोटचाल

आर्वीच्या रुग्णालयातली औषधनिर्माती प्रणाली गेडाम मरण पावल्याचं तिच्या सहकाऱ्यांना सकाळच्या चहाच्या वेळी कळलं. भांडारपाल वानखडे हार घेऊन तिच्या घरी पोचले, तेव्हा दार प्रणालीनंच उघडलं. तिचे हात कणकेनं भरले होते.

वानखड्यांनी हार पाठीमागे लपवला. मग ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गेल्या होत्या ना."

"कुठे?"

वानखड्यांनी आपला फोन पुढे केला. अर्ध्या तासापूर्वी प्रणालीनं त्यांना 'आज थोडा उशीर होईल' असं लिहिलं होतं. ते वाक्य त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. त्या जागी नोंदघराची लाल चौकट होती: 'हा मजकूर लिहिणारी व्यक्ती हयात नाही. मजकूर रोखला आहे.'

प्रणाली हात न धुता आत धावली. टेबलावरचा तिचा कीबोर्ड मिटून बसला होता आणि उघडत नव्हता.

त्या काळात प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये चष्म्याच्या घरासारखा एक घडीचा कीबोर्ड असे. त्याला वायर नसे. उघडला की तो जवळच्या फोनशी आपोआप जुळे, आणि फोनवर जे काही लिहायचं ते त्याच्यावरच लिहावं लागे. काचेवर बोट फिरवून लिहिण्याचे दिवस संपले होते. त्याचं कारण असं, की यंत्रं आता कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज हुबेहूब बनवत. फोनवर मुलाचा रडवेला आवाज आला तरी तो मुलाचाच असेल याची खात्री आईला वाटत नसे. बोटांच्या ठशांचीही नक्कल निघाली होती. नक्कल न होणारी एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे बोटचाल.

जिन्यावरून कोण येतंय हे आपण न बघता सांगतो. बाबांची पावलं जड पडतात, ताई दोन-दोन पायऱ्या चढते, आजोबा मधल्या पायरीवर टेकतात. बोटांचंही तसंच असतं. एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जायला बोट किती वेळ घेतं, किती जोरानं आपटतं, कुठे रेंगाळतं, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं. हे फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके बारीक असतात. आपल्याला ते जाणवत नाहीत, पण कीबोर्डला जाणवतात. काच दबत नाही, म्हणून तिला ते कळत नाहीत. त्यासाठी खरी, खाली जाणारी कळ लागते. दोन ओळी लिहून होईपर्यंत कीबोर्डनं माणूस ओळखलेला असे. बँक, रेशन, दवाखाना, औषधभांडाराचं दार, सगळं बोटचालीवर उघडे. आणि माणूस वारला की नोंदघर त्याची बोटचाल कायमची बंद करी, म्हणजे मेलेल्याच्या नावानं कुणी लिहू नये.

प्रणालीची बोटचाल बंद झाली होती. तिच्या नवऱ्यानं, मंगेशनं, दिवसभर आपल्या कीबोर्डवरून तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर येत होतं: मृताच्या नातेवाइकांचं सांत्वन करणारं.

दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरच्या नोंदघरात गेली. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. शिरीन काझी मऊ आवाजाच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रणालीला एक परिच्छेद लिहायला लावला, पडद्यावर उमटलेली वेडीवाकडी रेघ पाहिली आणि विचारलं, "तुमच्या उजव्या हाताच्या अनामिकेला कधी दुखापत झाली होती?"

प्रणालीनं बोट वाकवून दाखवलं. ते अगदी ठणठणीत होतं.

"पण लिहिताना ते दर वेळी थबकतं. सांधा आखडलेला असावा तसं."

प्रणाली आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. तिनं हळूच सांगितलं, की असं बोट तिनं पाहिलं आहे. खानझोडेबाईंचं. लहानपणी उकळत्या वरणानं भाजल्यापासून त्यांची अनामिका नीट वळत नसे.

खानझोडेबाई आर्वीत टायपिंगचा वर्ग चालवत. बाराजणांच्या तुकडीपुढे त्या स्वतः कीबोर्ड घेऊन बसत आणि उतारा लिहीत. मुलांनी पडद्याकडे किंवा बोटांकडे बघायचं नाही, फक्त बाईंच्या कळांचा आवाज ऐकायचा आणि त्या आवाजात आपला आवाज मिसळायचा. बारा कीबोर्ड वाजले तरी एकच वाजतोय असं वाटलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. कुणाची कळ पुढेमागे पडली की त्या न बघता नाव घेत. प्रणालीचं नाव त्यांनी पहिल्या वर्षानंतर कधीच घेतलं नाही. परीक्षेत ती जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा बाईंनी स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला होता.

"बाई कधी गेल्या?" काझींनी विचारलं.

"परवा संध्याकाळी. मी घाटावर गेले होते."

"आणि काल सकाळी त्यांच्या मुलानं मृत्यूची नोंद केली," काझी म्हणाल्या.

मंगेशला हे पटेना. दोघी इतकी वर्षं एकाच गावात लिहीत होत्या, मग आजवर घोटाळा कसा झाला नाही, असं त्यानं विचारलं. काझींनी समजावून सांगितलं, की घोटाळा तेव्हाही होताच, फक्त कुणाचं अडलं नव्हतं. पुष्कळ लोक एक कीबोर्ड घरी ठेवतात आणि एक कामावर. यंत्रानं तोच अर्थ काढला: एक बाई, दोन कीबोर्ड. प्रणालीला आठवलं, गेली कित्येक वर्षं तिला मोतीबिंदूच्या शिबिरांची बोलावणी येत. घरात त्याची थट्टा होई.

"बाकीची मुलं? त्यांनाही बाईंनीच शिकवलं," ती म्हणाली.

काझींनी बाईंशी मिळत्याजुळत्या आर्वीतल्या बोटचाली पडद्यावर काढून पाहिल्या. "ही बघा त्यांची बोटचाल. त्यांच्यात बाईंचा अंश आहे. कुणात थोडा, कुणात जास्त. पण प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी शिल्लक राहिलं होतं. काहींना नीट जमलं नाही, काहींनी कंटाळा केला, त्यांचं तेच वाचलं." काझींनी पडद्यावरून नजर उचलली. "तुम्ही फार चांगल्या विद्यार्थिनी होतात, प्रणालीताई."



काझींनी दोन वाटा सांगितल्या. मृत्यूची नोंद रद्द करून खानझोडेबाईंचं खातं पुन्हा उघडता येईल, आणि त्या खात्यावर प्रणालीला पुढचं आयुष्य काढता येईल. मात्र कागदोपत्री ती वत्सला खानझोडे असेल, वय वर्षं एकोणऐंशी. किंवा तिनं आपली बोटं बदलावीत. नवी चाल शिकावी, म्हणजे तिला नव्यानं नोंदवता येईल.

मंगेशनं वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. म्हणाला, एकोणऐंशी तर एकोणऐंशी, मला चालेल, फक्त चारचौघांत तुला वाकून नमस्कार करावा लागेल. प्रणाली हसली नाही. बाई गेल्या, त्यांना जिवंत लिहून त्यांच्या जागी जगायचं हे तिला अभद्र वाटलं. तिनं बोटं बदलायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र तिनं मंगेशला तिथेच बजावली. त्यांची मुलगी ओवी लडाखच्या वेधशाळेत काम करत होती, आणि तिला सातवा महिना लागला होता. अशा दिवसांत तिच्या कानावर काही वेडंवाकडं घालायचं नाही. तेव्हा आईचा कीबोर्ड दुरुस्तीला गेलाय, एवढंच तिला कळवायचं. पुढचे काही आठवडे मंगेशच 'आई म्हणते आहे की' असं करून मुलीला लिहीत राहिला. मेथीचे लाडू कसे करायचे तेही त्यानं लिहिलं, आणि चुकीचं लिहिलं.

बोटचाल बदलणं म्हणजे चालणं बदलण्यासारखं असतं. आपण चालताना पायांकडे लक्ष देत नाही; दिलं तर अडखळतो. प्रणालीला आता मुद्दाम अडखळायचं होतं. काझींनी दिलेल्या यंत्राच्या टिकटिकीवर ती रोज लिही. जिथे बोट आपसूक धावे तिथे त्याला आवरी, जिथे थबके तिथे ढकली. चाळीस वर्षांपूर्वी आत मुरलेला आवाज न ऐकण्याचा ती प्रयत्न करी. अखेर एक दिवस नोंदघरानं तिला नवी व्यक्ती म्हणून मान्य केलं. भांडाराचं दार उघडलं. वानखड्यांनी पेढे वाटले आणि स्वतःच दोन जास्त खाल्ले.

पण निरोप देताना काझींनी एक धोक्याची सूचना दिली होती. "नवी चाल तुमच्या लक्षात आहे, अंगात नाही. लक्ष असेल तोवर तुम्ही प्रणाली. लक्ष सुटलं की जुनी चाल येईल. जपून लिहा."

प्रणाली जपून लिहू लागली. औषधांच्या नोंदी करणं सोपं होतं, त्यांत जीव ओतावा लागत नाही. ओवीला लिहिणं अवघड होतं. आधी ती मुलीला पानभर लिही: शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली इथपासून ते तुझ्या वेळी मला चिंच कशी खावीशी वाटे इथपर्यंत. आता प्रत्येक अक्षराला विचार करावा लागे. 'बरी आहेस ना. वेळेवर जेव. काळजी घे.' एवढंच तिच्या बोटांतून निघे. ओवीनं एकदा विचारलं, आई, माझ्यावर रागावली आहेस का? प्रणालीनं लिहिलं, 'नाही. काळजी घे.' ओवीनं मग पुन्हा विचारलं नाही.

मार्चच्या एका दुपारी लेहच्या दवाखान्यातून ओवीचा संदेश आला. कळा लवकर सुरू झाल्या होत्या. जावई वेधशाळेत होता आणि खिंड बर्फानं बंद होती. 'आई, मी एकटी आहे. मला खूप भीती वाटते. लिहीत राहा माझ्याशी.'

प्रणालीनं कीबोर्ड उघडला. 'ओवी, घाबरू नकोस, मी आहे इथे' असं लिहायला तिनं सुरुवात केली, आणि मग ती लिहीतच गेली. तू झालीस तेव्हा मीही अशीच घाबरले होते, श्वास सोड, हळू सोड, माझा हात धरलाय असं समज. बोटं धावत होती. खोलीत कळांचा सलग, एकसारखा आवाज भरून राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला बोटांची आठवण नव्हती. उजवी अनामिका प्रत्येक वेळी किंचित थबकत होती आणि पुढे जात होती.

कीबोर्ड मिटला.

लेहला त्या क्षणी कोणती चौकट उमटली असेल, ते तिला न बघता दिसलं. तिनं मंगेशला हाक मारली. तो स्वयंपाकघरातून धावत आला, काय झालं ते त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, आणि त्यानं आपला कीबोर्ड उघडला. 'ओवी, ती चौकट खोटी आहे. आई माझ्या शेजारी उभी आहे. एकदम ठणठणीत आहे.'

उत्तर यायला वेळ लागला. प्रणाली त्याच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होती. अक्षरं तुटक आली, कळांच्या मधल्या उसंतीत लिहिल्यासारखी.

'बाबा, आवाज आणि चेहरा हल्ली कुणीही बनवतं, पण नोंदघर खोटं सांगत नाही. तुम्ही मला जपताय, ते समजतंय मला. आईचा कीबोर्ड दुरुस्तीला गेला म्हणालात, तेव्हाच ती गेली ना? त्यानंतर जे यायचं ते तिचं नव्हतं. मला पहिल्या ओळीपासून कळत होतं. फक्त एवढं सांगा, शेवटी तिला फार त्रास झाला का?'